भारत-मॉरिशस: नातं रक्ताचं, पण हिशेबाची वही कुणाकडे?

दूरदेशी (धागाकर्ता)

मॉरिशसची बातमी आपल्याकडे आली की 'छोटा भारत' हे दोन शब्द तिच्यात असतातच. मग गंगा तलाव, महाशिवरात्र, गिरमिटिया पूर्वज, आणि शेवटच्या परिच्छेदात 'विविध सामंजस्य करारांवर स्वाक्षऱ्या झाल्या'. कोणते करार, कुणाला काय मिळालं, हे शोधायला गेलं की हाती फारसं काही लागत नाही. म्हणून हा धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलो तर कान धरावा.

आधी भावनेची बाजू उरकून घेतो, कारण ती खोटी नाही. 1834 पासून 1920 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास मजूर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून तिकडे गेले. पोर्ट लुईच्या बंदरात ते ज्या पायऱ्यांवर उतरले तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजी 1901 साली तिथे काही दिवस राहिले होते. पुढे देशाने स्वातंत्र्याचा दिवस निवडला तो 12 मार्च, म्हणजे दांडीयात्रेचा दिवस, साल 1968. एवढं नातं असताना वेगळं काय मागायचं, असं वाटणं साहजिक आहे.

माझा मुद्दा नेमका इथेच आहे. या जवळिकीमुळे आपण एक गोष्ट विसरतो: मॉरिशस हे बारा-तेरा लाख वस्तीचं सार्वभौम राष्ट्र आहे आणि वाटाघाटीच्या टेबलावर ते पाहुण्यासारखं बसत नाही. आपला फायदा नीट मोजून घेतं. मला तर असं दिसतं, की या दोन देशांचे संबंध खऱ्या अर्थाने घट्ट झाले ते गळाभेटींमुळे नव्हे, एका लांबलेल्या भांडणामुळे. ते भांडण कराचं होतं.

1982 च्या दुहेरी करआकारणी करारात (एकाच कमाईवर दोन्ही देशांनी कर लावू नये म्हणून केलेला करार) 2016 साली दुरुस्ती झाली आणि मॉरिशसमार्गे येणाऱ्यांच्या शेअर विक्रीच्या नफ्यावर कर लावायचा अधिकार भारताने परत मिळवला. मॉरिशसच्या वित्तीय क्षेत्राचा त्यामुळे थरकाप उडाला होता. त्याच वर्षी भारताने 35.3 कोटी डॉलरचं विशेष आर्थिक पॅकेज दिलं: मेट्रो, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कान-नाक-घसा रुग्णालय, शाळकरी मुलांसाठी टॅबलेट, घरकुलं. त्यातले 27.5 कोटी एकट्या मेट्रोचे. पुढच्या वर्षी 50 कोटी डॉलरचं सवलतीचं कर्ज. मग 22 फेब्रुवारी 2021 ला सेकपा नावाचा व्यापार करार झाला, जो त्याच वर्षी 1 एप्रिलला लागू झाला. आफ्रिकेतल्या कुठल्याही देशाशी भारताचा असा हा पहिलाच करार. हे सगळं ओळीने घडलं, याला योगायोग म्हणायचं तर म्हणा. मला तो सौदा वाटतो, आणि सौदा म्हणून तो चांगला झाला असंही वाटतं.

तर प्रश्न असा: आता पुढे काय? कराची पळवाट बुजल्यावर या दोघांमध्ये कमाईचं काय उरलं?

---

तिरकस

म्हणजे आधी आपला कर त्यांच्या वाटेने बुडाला आणि ती वाट बंद केली म्हणून मेट्रोही आपणच बांधून दिली. घरजावई बरा की हो यापेक्षा!

---

हिशेबनीस

तिरकसभाऊ, 'बुडाला' हा शब्द जरा जपून. मी पेशाने सीए आहे आणि उमेदवारीची वर्षं याच फायलींमध्ये घालवली, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

1982 चा करार झाला तेव्हा त्याकडे कुणाचं विशेष लक्ष नव्हतं. करारात लिहिलं होतं, की मॉरिशसच्या रहिवासी कंपनीने भारतीय शेअर विकून नफा कमावला तर त्यावर कर लावायचा हक्क फक्त मॉरिशसचा. आणि मॉरिशसमध्ये भांडवली नफ्यावर करच नाही. म्हणजे इकडेही शून्य, तिकडेही शून्य. 1991 नंतर आपला बाजार परदेशी गुंतवणूकदारांना खुला झाला, 1992 साली मॉरिशसने परदेशी व्यवसायांसाठी कायदा केला, आणि ही कोपऱ्यातली पायवाट बघता बघता महामार्ग झाली. 2000 पासून भारतात आलेली एकूण थेट परकीय गुंतवणूक बघा, तिचा जवळपास चौथा हिस्सा मॉरिशसच्या पत्त्यावरून आलेला आहे. बारा-तेरा लाख लोकांच्या बेटावरून!

पैसा अर्थातच त्या बेटाचा नव्हता. अमेरिकेचा होता, युरोपचा होता, आणि काही आपल्याच लोकांचा, जो बाहेर जाऊन टोपी बदलून परत आला. यालाच राउंड ट्रिपिंग म्हणतात. काही आयकर अधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या तेव्हा बाजार हादरला, आणि एप्रिल 2000 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 789 क्रमांकाचं परिपत्रक काढलं: मॉरिशसने दिलेला रहिवासी दाखला असला की पुरे, खोदकाम नको. त्याला आव्हान दिलं गेलं आणि 2003 साली आझादी बचाओ आंदोलन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक उचलून धरलं. तेव्हा न्यायालयाचं म्हणणं साधारण असं, की विकसनशील देशाला भांडवल हवं असेल तर अशी सूट तो जाणूनबुजून सोसू शकतो. सरकारने ती सोसली. म्हणून म्हटलं, 'बुडाला' म्हणू नका. 'सोडला' म्हणा.

आता एक डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. नाव-गाव नाही. एका फंडाच्या मॉरिशस कंपनीच्या संचालक मंडळाची इतिवृत्तं माझ्या टेबलावर होती. दर तिमाहीला बैठक पोर्ट लुईत. दोन स्थानिक संचालक हजर, बाकीचे फोनवर. ठराव एका ओळीचा: अमुक कंपनीचे शेअर विकण्यास मंजुरी. बैठक सुरू अकरा वाजता, संपली अकरा वाजून दहा मिनिटांनी. शेकडो कोटींची विक्री होती हो ती! माझे वरिष्ठ नुसते हसले आणि म्हणाले, "चहा तिकडे झाला, निर्णय इकडे झाला." पण कागद चोख होता. कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती.

2016 च्या दुरुस्तीने हे बदललं. 1 एप्रिल 2017 नंतर घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारत कर लावणार, पहिली दोन वर्षं निम्म्या दराने आणि तोही कंपनीने मॉरिशसमध्ये वर्षाला निदान 27 लाख रुपये प्रत्यक्ष खर्च केला असेल तरच. जुन्या गुंतवणुकीला हात लावला नाही. ही दोन वर्षांची उतरण मुद्दाम ठेवली होती, एकदम शिडी काढून घेतली नाही. दूरदेशींचं 'सौदा' हे वर्णन मला पटतं ते यासाठी.

---

सुईदोरा

कराचं हिशेबनीस सांगतीलच, मी मालाचं सांगते. आमचा सुती चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथचा छोटा धंदा आहे. मॉरिशसला हॉटेलं भरपूर, म्हणून तिकडे एक ग्राहक मिळवला. सेकपा लागू झाल्यावर मला वाटलं, आता आपली चांदी. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल मूळचा भारतातला असल्याचा दाखला काढायचा, शुल्क माफ, आपण स्वस्त.

पहिल्याच खेपेला गाडी अडली. इन्व्हॉइसवर 'बेडशीट', दाखल्यावर 'बेड लिनन', आणि एचएस कोडचे, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकाचे, शेवटचे दोन आकडे जुळेनात. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देश आपापले लावतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दाखला देणाऱ्या एजन्सीने फाइल दोनदा परत पाठवली. तिकडच्या कस्टम ब्रोकरची मेल फ्रेंचमध्ये! सरकारी कागद इंग्रजीत चालतात पण व्यवहाराची बोली फ्रेंच आणि क्रेओल, हेही मला तेव्हाच कळलं. भाचीला बसवून मेल वाचून घेतली. तिने वाचून दाखवलं आणि मी कपाळाला हात लावला. तो माणूस सभ्यपणे एवढंच म्हणत होता, की मॅडम, दाखला जोडा किंवा नका जोडू, या मालावर आमच्याकडे मुळातच आयात शुल्क नाही.

हो. मॉरिशसने कित्येक वर्षांपूर्वीच बहुतेक मालावरचं आयात शुल्क काढून टाकलंय. कुणाहीकडून आणा, शून्य. पंधरा टक्के व्हॅट आहे, तो सगळ्यांनाच. मग माझ्यासारखीला या करारातून नेमकं काय मिळालं? भांडायला नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय.

माझा खरा खर्च जहाजाचा आहे. माझा कंटेनर न्हावा शेव्याहून निघाला आणि कोलंबोला दुसऱ्या जहाजाची वाट बघत सतरा दिवस बसला. हॉटेलच्या हंगामाआधी पोचायला हवा होता, हंगाम सुरू झाल्यावर पोचला. ग्राहकाने पैसे दिले, पण पुढची ऑर्डर निम्मी केली.

---

दूरदेशी

सुईदोराताई, या एका प्रतिसादाने धाग्याचं सार्थक झालं! तुमच्या प्रश्नाचं मला समजलेलं उत्तर: वस्तूंच्या बाबतीत या करारात भारतापेक्षा मॉरिशसला जास्त मिळालं. भारताच्या 310 वस्तूंचा त्यात समावेश आहे, मॉरिशसच्या 615. ते साहजिकच आहे, कारण भिंती आपल्या उंच होत्या, त्यांच्या नव्हत्याच. त्यांची गोठवलेली मासळी, विशेष साखर, बिस्किटं, फळांचे रस, साबण, बॅगा, कपडे यांना आपल्याकडे सवलत मिळाली. आपला फायदा सेवांमध्ये आहे: अकरा सेवाक्षेत्रांतली 115 उपक्षेत्रं त्यांनी आपल्याला खुली केली. म्हणजे तुमच्या चादरीला नाही, पण तुमच्या हिशेबनीसांना तिकडे कार्यालय थाटता येईल.

आणि एवढं करूनही तराजू बघा. 2023-24 साली दोघांचा मिळून व्यापार साधारण 85 कोटी डॉलरचा. त्यात तिकडून आपल्याकडे आलेला माल 7 कोटींच्या थोडा वर. बाकी सगळी आपली निर्यात. सवलत त्यांना, विक्री आपली.

---

तिरकस

थांबा थांबा. विशेष साखर? साखर कुठे ठेवायची म्हणून रडणाऱ्या देशाने साखर आयातीला सवलत दिली? आमच्या भागातल्या एखाद्या चेअरमनला हे सांगून बघा, सभा तिथेच उधळेल.

---

दूरदेशी

उधळणार नाही. ती आपली पांढरी पोत्यातली साखर नाही. डेमेरारा, मस्कोवाडो अशी मळीचा अंश राखलेली तपकिरी साखर, केक आणि कॉफीवाल्यांची. तीही कोट्याने. आयात अचानक वाढली तर सवलत आपोआप आखडती घेण्याची तरतूदही करारात घालायचं 2022 साली ठरलं, म्हणजे आपल्या वाटाघाटीवाल्यांनी दाराला कडीही बघून ठेवलीय.

त्यांना ही साखर का विकायची आहे ते मात्र समजून घेण्यासारखं आहे. युरोप त्यांची साखर वर्षानुवर्षं ठरलेल्या चढ्या भावाने घेत होता. ती व्यवस्था 2009 मध्ये संपली, आणि त्याच सुमारास भावही टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवले गेले. ज्या पिकासाठी आपले लोक तिकडे नेले गेले तेच पीक अंगावर आलं. मग त्यांनी कच्ची साखर विकणं सोडून ही महागाची साखर धरली. कापड, पर्यटन, वित्तसेवा, बंदर, एकेक करून नवी टोपली विणत गेलेला देश आहे तो. आपल्या 'छोट्या भारता'च्या गोष्टीत हे कधी येत नाही.

आणि एक. सेकपा आपण 2021 च्या एप्रिलमध्ये लागू केला. मॉरिशसचा चीनशी मुक्त व्यापार करार त्याच वर्षी जानेवारीत लागू झाला होता. चीनचाही आफ्रिकेतला तो पहिलाच. तीन महिन्यांच्या अंतराने दोन्ही मोठ्यांना 'पहिला' हा मान देणारा देश भोळा नाही.

---

ओसरी

मी तीन वर्षं कात्र बोर्नला राहिले, नवऱ्याच्या नोकरीनिमित्त. मेट्रोबद्दल लिहिते कारण ती माझ्या घराजवळून जायची.

मेट्रो म्हणजे आपल्या डोळ्यासमोर खांबांवरची गाडी येते. ती ट्रामच आहे, बहुतांश रस्त्याच्या पातळीवरून जाणारी. पोर्ट लुईपासून क्युर्पिपपर्यंत. ऑक्टोबर 2019 मध्ये पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं, क्युर्पिपला ती 2022 मध्ये पोचली. बांधली लार्सन अँड टुब्रोने, पैसा बराचसा भारताचा, आणि डबे स्पेनच्या काफ कंपनीचे. मला ते बघून गंमत वाटली होती. आपल्याकडे मदत म्हटली की सगळं आपलंच घ्या असा आग्रह असतो, इथे त्यांनी डबे जिथून हवे तिथून घेतले.

सुरुवातीला लोक नाखूष होते. जुन्या बसवाल्यांच्या पोटावर पाय, रस्ते खणलेले, झाडं तोडलेली. माझ्या शेजारच्या आजी मराठी वंशाच्या, पूर्वज रत्नागिरीकडून गेलेले. त्यांची मराठी म्हणजे आरत्या आणि चार-दोन नात्यांची नावं, बाकी सगळं क्रेओल. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी त्या नऊवारी नेसून समुद्रावर विसर्जनाला जायच्या. एकदा मी कौतुकाने म्हटलं, "आजी, ही मेट्रो आपल्या भारताने दिली ना!" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नातवाला सांगायला लावलं: "तिला म्हणावं, भारताने पैसे दिले. मेट्रो आमची आहे."

मी त्या दिवसापासून 'आपल्या' हा शब्द जपून वापरते. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, चहा घेऊनच उठले मी. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती मुर्मू तिकडे गेल्या तेव्हा सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशीयांना ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याचं जाहीर झालं. आजींच्या नातवाने अर्ज केला. आजींनी नाही. म्हणाल्या, मी कुठे जाणार आता?

---

गलबत

ओसरीताईंचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं. मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त. पोर्ट लुईला पाच-सहा वेळा लागलोय, बंकरसाठी, म्हणजे इंधन भरायला, आणि एकदा आजारी खलाशी उतरवायला. आता समुद्राकडून बघू.

नकाशा काढा. बेटं चिमुकली, पण त्यांचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्या समुद्रातल्या मासळी-खनिजांवर फक्त त्यांचा हक्क तो भाग, सुमारे 23 लाख चौरस किलोमीटर. भारताच्या समुद्री क्षेत्राच्या तोडीचं. एवढा समुद्र राखायला त्यांच्याकडे नौदलच नाही. पोलिसांच्याच अखत्यारीतलं तटरक्षक दल. तिथे आपले नौदलाचे अधिकारी प्रतिनियुक्तीवर असतात, आपली सर्वेक्षण जहाजं त्यांच्या समुद्राचे तळ मोजून नकाशे बनवून देतात. बॅराकुडा हे गस्तीजहाज कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधून दिलं, 12 मार्च 2015 ला ते त्यांच्या सेवेत आलं. भारताने निर्यात केलेली ती पहिली युद्धनौका. हिंदी महासागरातल्या सर्वांच्या सुरक्षेचं आणि विकासाचं 'सागर' हे भारताचं धोरणही त्याच दिवशी तिथेच जाहीर झालं.

समुद्राची मैत्री संकटात दिसते. जुलै 2020 मध्ये वाकाशिओ हे जपानी मालकीचं जहाज तिथल्या प्रवाळावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल खाजणात सांडलं. लोकांनी उसाचा पाला गोण्यांत भरून तरंगते बांध केले. त्या बांधांसाठी केस कापून द्यायला रांगा लागल्या होत्या, केस तेल धरतात म्हणून. भारताने हवाई दलाच्या विमानाने तीसेक टन साहित्य आणि तटरक्षक दलाची माणसं पाठवली. फ्रान्स, जपानही आले. आम्हा दर्यावर्दींना शरमेची गोष्ट अशी, की जहाज किनाऱ्याच्या इतकं जवळ नेण्याचं कारणच नव्हतं.

आता अगालेगा, मॉरिशसचंच दूरचं बेट. मुख्य बेटापासून उत्तरेला हजारभर किलोमीटर, वस्ती तीनेकशे. भारताने तिथे तीन किलोमीटरची धावपट्टी आणि नवी जेट्टी बांधली, 29 फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन झालं. तीनशे माणसांना तीन किलोमीटरची धावपट्टी कशाला, हे कुणालाही कळतं. टेहळणीची मोठी विमानं उतरवायला. दोन्ही सरकारं म्हणतात, हा लष्करी तळ नाही, मॉरिशसचाच ताबा. असेल. पण तिथल्या लोकांच्या मनात धाकधूक का असते ते समजून घ्या: चागोस बेटं, ज्यांवर मॉरिशस हक्क सांगतो. 1968 ते 73 या काळात ब्रिटिशांनी तिथली सगळी माणसं हुसकावली, त्यातल्याच डिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला. कुत्रीसुद्धा मारून टाकली होती. अगालेगावर राहणाऱ्यांच्या नात्यागोत्यात ही गोष्ट जिवंत आहे.

---

तिरकस

काका, या एका बाबतीत मी तिरकस बोलत नाही. पण मग आपण आणि ब्रिटिश यांत फरक काय?

---

गलबत

फरक हा की माणसं तिथेच आहेत आणि त्यांच्या सरकारला 'नाही' म्हणता येतं. म्हणता येतं याचा पुरावा शेजारी आहे: सेशेल्सच्या असम्प्शन बेटावर आपण असंच काही करायला निघालो होतो. करार झाला, सुधारून पुन्हा झाला, पण तिथल्या विरोधकांनी संसदेत मंजुरीच मिळू दिली नाही. गुंडाळावं लागलं. आपण रागावून बसलो नाही, हे चांगलं केलं.

दुसरं म्हणजे चागोसच्या प्रश्नात भारत कायम मॉरिशसच्या बाजूने उभा राहिला. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं, ब्रिटनने ती बेटं सोडावीत. 22 मे 2025 ला ब्रिटनने सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सही केली, तळ भाडेपट्ट्याने ठेवून. आपण ज्याला एका हाताने धावपट्टी मागतो, त्याच्या जमिनीच्या हक्कासाठी दुसऱ्या हाताने साक्ष देतो. ही साक्ष नसती तर अगालेगा मिळालं नसतं, असं माझं मत.

---

नवखा

सगळ्यांचे प्रतिसाद आवडले. एक बाळबोध प्रश्न. मध्यंतरी वाचलं की आता दोन्ही देश आपापल्या चलनात व्यवहार करणार. त्यांचंही चलन रुपयाच ना? मग अडचण काय?

---

हिशेबनीस

बाळबोध नाही, बरोब्बर ठिकाणी बोट ठेवलंत. त्यांचाही रुपयाच, पण वेगळा. मजुरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या ये-जा बरोबर आपलं नाणं तिकडे इतकं रुळलं, की ब्रिटिशांनी 1876 साली रुपया हेच तिथलं अधिकृत चलन केलं. नाव तेच राहिलं, मोल वेगळं झालं.

मार्च 2025 मध्ये रिझर्व्ह बँक आणि बँक ऑफ मॉरिशस यांच्यात स्थानिक चलनांत व्यवहार चुकते करण्याचा समझोता झाला. त्याआधी फेब्रुवारी 2024 पासून यूपीआय आणि रुपे तिथे चालू झालेत, पर्यटकांपुरतं ते सोयीचं आहे. पण व्यापारात गाठ अशी: सुईदोराताईंच्या ग्राहकाने त्यांना भारतीय रुपये द्यायचे, तर त्याच्या देशात भारतीय रुपये यायला हवेत. ते येणार त्यांनी भारताला काही विकलं तर. दूरदेशींनी दिलेले आकडे बघा: आपण विकतो 77-78 कोटी डॉलरचं, घेतो 7 कोटींचं. भांड्यात पाणीच पडत नाही तर ओतणार कुठून?

म्हणून मला धावपट्टी आणि मेट्रोपेक्षा एक छोटी बातमी महत्त्वाची वाटली. त्याच मार्चमध्ये भारताने त्यांना जुन्या जलवाहिन्या बदलायला 487.60 कोटींचं कर्ज दिलं, डॉलरमध्ये नाही, भारतीय रुपयांत. रुपयातलं असं हे पहिलंच. यातून रुपया तिकडे जातो, ठेकेदार भारतीय असेल तर परत येतो, आणि विनिमय दराचा ताप कमी होतो. व्यापार समतोल होत नाही, पण निदान नळाला पाणी येतं, दोन्ही अर्थांनी.

---

तिरकस

हिशेबनीस, शेवटचा विनोद माझ्या खात्यात टाका.

बरं, सप्टेंबर 2025 मध्ये त्यांचे पंतप्रधान रामगुलाम आले तेव्हा पुन्हा सुमारे 68 कोटी डॉलरचं पॅकेज जाहीर झालं. रुग्णालय, रस्ता, विमानतळाचा नियंत्रण मनोरा. ही यादी दर दहा वर्षांनी अशीच वाढत राहणार का? देणारा आपणच?

---

दूरदेशी

त्या यादीत एक नोंद आहे जी तुम्ही गाळलीत: पोर्ट लुई बंदराची यंत्रसामग्री. हिंदी महासागरातून आफ्रिकेकडे जाणारा माल तिथे उतरवून पुढे पाठवायचा, हा त्यांचा जुना मनसुबा आहे. तो साधला तर त्यांना आपल्याकडे साखर आणि मासळी विकून तराजू समतोल करत बसायची गरजच नाही, ते जागा विकतील. आणि सुईदोराताईंचा कंटेनर कोलंबोऐवजी थेट तिकडे उतरेल. दान म्हणून बघितलं तर 68 कोटी जास्त आहेत. आपल्या निर्यातदाराच्या वाटेवरचा गाळ काढायचा खर्च म्हणून बघितलं तर त्यातला हा भाग मला स्वस्त वाटतो. रुग्णालयाबद्दल तुमच्याशी वाद घालणार नाही, ते शुद्ध शेजारधर्माचं आहे.

ओसरीताईंच्या आजींचं वाक्य मी लिहून ठेवलंय. मूळ लेखात 'दिलं' हा शब्द मी एकदा वापरलाय, तो आता खटकतोय.

---

सुईदोरा

धागा वाचून उत्साहाने माझ्या ग्राहकाला विचारलं, बाबा रे, भारतीय रुपयांत पैसे देशील का, असा असा समझोता झालाय. काल उत्तर आलं, या वेळी इंग्रजीत. दोनच ओळी. पहिली: डॉलर चालतात, नवीन काही नको. दुसरी: या खेपेचं जहाज थेट आहे की कोलंबोमार्गे?

मी फॉरवर्डरला, म्हणजे माल जहाजावर चढवून देणाऱ्या एजंटला, फोन लावलाय. तो सांगतोय, थेट जहाजात पुढच्या महिन्यात जागा मिळू शकेल, 'मॅडम, कन्फर्म नाही'.